डिस्क प्लेअरच्या सेटअप मेन्यूत एक संध्याकाळ

श्रोतेहो, नमस्कार. डीव्हीडी प्लेअर घरी आणला की आपण तारा जोडतो, डिस्क घालतो आणि चित्र दिसले की काम संपले असे समजतो. सेटअप मेन्यू कित्येक घरांत एकदाही उघडला जात नाही, आणि मग दर चित्रपटाच्या सुरुवातीला भाषा बदला, सबटायटल लावा, आवाज वाढवा ही खटपट वर्षानुवर्षे चालू राहते.

हा मेन्यू उघडला आणि काही पर्याय करडे दिसले, निवडता येईनात, तर प्लेअर बिघडला असे समजू नये. स्टॉपचे बटण एकदा दाबल्यावर बहुतेक प्लेअर थांबलेली जागा लक्षात ठेवून तयारीत असतात. तेच बटण दुसऱ्यांदा दाबले की डिस्क पूर्ण थांबते आणि अडलेले पर्याय बहुधा खुले होतात. संवादांची भाषा, सबटायटलची भाषा आणि मेन्यूची भाषा या तीन वेगवेगळ्या नोंदी आहेत. डिस्क सुरू होताना त्या वाचल्या जातात, त्यामुळे मध्येच केलेला बदल दिसला नाही तर डिस्क काढून पुन्हा घालावी. अर्थात, निवडलेली भाषा डिस्कवरच नसेल तर डिस्क स्वतःच्या ठरलेल्या भाषेत चालते.

चित्राच्या आकाराची परीक्षा सोपी आहे. पडद्यावर गाडीचे चाक समोरून दिसेल तेव्हा ते गोल आहे की अंड्यासारखे, एवढे पाहावे. टीव्ही ४:३ आकाराचा आणि प्लेअरमध्ये नोंद १६:९ अशी असेल, तर रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन माणसे लांबट दिसतात. अशा टीव्हीसाठी 'लेटरबॉक्स' निवडला तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पण चित्र संपूर्ण दिसते. 'पॅन स्कॅन'मध्ये पडदा भरतो, मात्र कडेला उभे राहून बोलणारे पात्र कापले जाऊ शकते. मला स्वतःला पट्ट्या परवडतात.

सर्वांत जास्त लक्ष मात्र आवाजाकडे द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या वडिलांना उतारवयात कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा संवाद कळावेत म्हणून ते आवाज वाढवत आणि पुढच्याच प्रसंगात स्फोट झाला की दचकून कमी करत. रिमोट त्यांच्या हातातून सुटतच नसे. या अडचणीवरचा उपाय मेन्यूत 'डायनॅमिक रेंज', 'डीआरसी' किंवा 'नाइट मोड' अशा नावाने असतो. डॉल्बी डिजिटल या पद्धतीने नोंदलेल्या ध्वनीबरोबर, हळू आवाज किती उचलायचा आणि मोठा किती खाली आणायचा याच्या सूचनाही डिस्कवर नोंदलेल्या असतात, आणि हा पर्याय चालू केला की प्लेअर त्या पुरेपूर पाळतो. आमच्या घरी हे एक बटण सापडल्यावर वडील शेवटपर्यंत निवांत बसून चित्रपट पाहू लागले. प्लेअरमधून आवाज 'बिटस्ट्रीम' रूपात, म्हणजे प्लेअरने न उलगडता डिस्कवर आहे तसाच, अ‍ॅम्प्लिफायरला जात असेल, तर हीच सोय अ‍ॅम्प्लिफायरवर शोधावी लागते.

जुन्या व्हिडिओ सीडी जपून ठेवलेल्यांनी 'पीबीसी', म्हणजे प्लेबॅक कंट्रोल, हेही पाहावे. हे चालू असले की मेन्यू असलेल्या सीडीवर आधी मेन्यू येतो आणि अंकांच्या बटणांनी त्यातला पर्याय निवडता येतो. बंद केले की सीडी थेट सुरू होते आणि तेच अंक ट्रॅक निवडतात. हवी ती वेळ टाकून पुढे जाता येत नसेल, तर पीबीसी बंद करून पाहावे.

मुलांसाठीच्या नियंत्रणात १ ते ८ अशा पातळ्या असतात आणि पातळी जितकी कमी, तितके बंधन कडक. परंतु डिस्कवर पातळी नोंदलेली नसेल तर बहुतेक प्लेअर ती अडवत नाहीत, म्हणून पालकांनी या कुलपावर सर्वस्वी विसंबू नये. त्यासाठी ठरवलेला चार अंकी पासवर्ड मात्र माहितीपुस्तिकेबरोबर, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, आजच लिहून ठेवावा. नमस्कार.