तुकडा गेला कुठे?

मंडळी, तुम्ही मला रक्ताच्या कर्करोगावर बोलायला बोलावलंत. मी एका बाईंविषयी बोलणार आहे, अमेरिकी डॉक्टर जॅनेट राउली यांच्याविषयी. इथं बेळगावात रोज रक्ताच्या काचा बघताना मला त्यांची आठवण येते.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातला एक शेतकरी आला. चाळिशीचा. चार घास खाल्ले की पोट भरायचं, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. गावात पित्ताची औषधं झाली होती. हात लावला तर पाणथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत आलेली. एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी 4 ते 11 हजार असायला हव्यात, त्या दोन लाखांवर. काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर सौंदत्तीच्या जत्रेसारखी गर्दी. कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या, पिकलेल्या, सगळ्या वयाच्या पेशी एकाच जागी. कोवळ्या पेशींनी खरं तर हाडाच्या मगजातच थांबायचं असतं. रक्ताच्या या कर्करोगाला आम्ही सीएमएल म्हणतो, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया.

1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं. शेंडा तुटलेला. लोक धरून चालले की तुटलेला भाग हरवला.

राउलीबाईंनी तो शोधला. 1944 साली शिकागोच्या मेडिकल कॉलेजात 65 जागांपैकी मुलींना 3. त्या भरल्या होत्या, म्हणून बाई नऊ महिने थांबल्या. 1948 साली डॉक्टर झाल्या, दुसऱ्या दिवशी लग्न झालं. पुढं चार मुलगे. मुलं लहान असेपर्यंत त्यांनी अर्धवेळच काम केलं, आणि त्याची त्यांना कधी खंत वाटली नाही. इथं बसलेल्या लेकी-सुनांनी हे जरूर ऐकावं.

सत्तरच्या सुमारास गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी नवी रंगवण्याची पद्धत आली. तोवर सारखीच दिसणारी गुणसूत्रं आता पट्ट्यांवरून वेगळी ओळखता येऊ लागली. बाई फोटो घरी आणायच्या, जेवणाच्या टेबलावर कात्रीनं एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावायच्या. मुलं म्हणायची, आई कागदी बाहुल्या खेळतेय. त्याच टेबलावर 1972 साली त्यांच्या लक्षात आलं की 22 नंबरचं गुणसूत्र आखूड आहे, आणि 9 नंबरच्या शेवटाला थोडं जास्तीचं काहीतरी लागलंय. दुसऱ्या रुग्णात तेच. तिसऱ्यात तेच. तुकडा हरवलाच नव्हता! दोन भावांच्या वाटणीत उताऱ्यावरचे तुकडे अदलाबदल व्हावेत, तसं झालं होतं. 1973 साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं.

त्या अदलाबदलीत काय बिघडतं, हे नंतर इतरांनी उलगडलं. 9 वरचं एक जनुक 22 वर जाऊन भलत्या शेजाऱ्याला चिकटतं. दोघांच्या जोडीतून जे प्रथिन तयार होतं, ते विहिरीवरच्या मोटरचं बटण अडकावं तसं सतत चालू राहतं, आणि पेशी वाढतच सुटतात. बटण कुठलं ते कळल्यावर ते बंद करणारं औषधही करता आलं. इमॅटिनिब, 2001 साली अमेरिकेत मंजूर झालेली गोळी. आपल्याकडे तिच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1 एप्रिल 2013 रोजी कोर्टानं पेटंट नाकारलं. मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला लाखाच्या पुढं खर्च यायचा, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या दहा हजारांच्या आसपास मिळत होत्या. तो निकाल मला आमच्या घरातल्या माणसाला जामीन मिळाल्यासारखा वाटला होता.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. 1977 साली रक्ताच्या आणखी एका तीव्र कर्करोगात त्यांनी 15 आणि 17 या गुणसूत्रांची अदलाबदल दाखवली. त्या आजारावर आज 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरतात. हो, सोमलच! आपण ज्याला विष म्हणतो, तेच मोजून शिरेतून देतात, आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

2013च्या डिसेंबरात, 88व्या वर्षी बाई गेल्या.

आमचा खानापूरचा शेतकरी रोज जेवणाबरोबर 400 मिलिग्रॅमची एक गोळी घेतो, वर मोठा पेलाभर पाणी. पाणथरी आता हाताला लागत नाही. मागच्या खेपेला म्हणाला, "मॅडम, बरं वाटतंय, बंद करू का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय ते गोळीमुळंच. तपासणीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय एक दिवससुद्धा चुकवायची नाही." दर तीन महिन्यांनी तो येतो. काच मी स्वतःच बघते.