लाल मफलर, जुनी सायकल

(दृश्य: ओबरबाऊम पूल, सकाळ)

खाली श्प्रे नदी. 1989 पर्यंत बर्लिन इथेच दुभंगलेलं होतं. अलीकडे क्रॉइत्सबेर्ग, पलीकडे फ्रीडरिक्सहाइन. पुढे या दोन्ही वस्त्यांत एक खासदार सायकलवरून हिंडायचे. पांढरे केस, दाट भुवया, गळ्यात लाल मफलर. हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले.

(दृश्य: 1967, कृष्णधवल)

जन्म 1939 चा, हाले शहरातला. शिक्षण कायद्याचं. 2 जून 1967 ला इराणच्या शहाविरुद्धच्या निदर्शनांत बेन्नो ओनेझोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मेला आणि श्ट्रोबेले चळवळीतल्या तरुणांच्या खटल्यांकडे वळले. 1969 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर समाजवादी वकिलांची सामायिक कचेरी थाटली. पुढे सशस्त्र गट 'रेड आर्मी फॅक्शन'च्या आरोपींचं वकीलपत्र घेतलं. ज्याच्या बाजूने बोलायला कुणी धजत नाही, वकील खरा त्यालाच हवा असतो. 1975 मध्ये श्टामहाइम तुरुंगाच्या आवारात या गटाच्या म्होरक्यांवरचा खटला उभा राहण्याआधीच त्यांना बचावातून काढलं गेलं. कैद्यांमध्ये निरोपांची देवाणघेवाण चालवल्याबद्दल त्यांना स्वतःलाही शिक्षा झाली. अपिलात ती दहा महिन्यांवर आली, तीही स्थगित.

(दृश्य: संसद, 16 नोव्हेंबर 2001)

आता ते ग्रीन पक्षाचे खासदार आहेत, पक्ष सत्तेत आहे. चॅन्सेलर श्रोडर यांनी अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्याचा ठराव विश्वासदर्शक मताला जोडला. हवी होती 334 मतं, पडली 336. श्ट्रोबेले यांचं मत विरोधात.

(दृश्य: भिंतीवरचं पोस्टर, जवळून)

2002 ची निवडणूक. जर्मनीत मतदाराला दोन मतं असतात, एक उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला. पक्षाच्या बैठकीत श्ट्रोबेले यांना यादीत निवडून येण्याजोगी जागा मिळाली नाही. उरला थेट मतदारसंघ, आणि असा मतदारसंघ ग्रीन पक्षाने तोवर एकदाही जिंकला नव्हता. व्यंगचित्रकार सेफ्रीड यांनी पोस्टर रंगवलं. घोषणेचा अर्थ होता, श्ट्रोबेलेंना मत म्हणजे फिशरना ताप. योश्का फिशर त्यांच्याच पक्षाचे, देशाचे परराष्ट्रमंत्री! श्ट्रोबेले सायकल काढून चौकाचौकात पत्रकं वाटत फिरले. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत एकाने मागून डोक्यात दंडुका हाणला. मतमोजणी झाली आणि 31.6 टक्के मतांनी ते निवडून आले. 2005, 2009 आणि 2013 मध्येही तीच जागा, तेच खासदार.

(दृश्य: पत्रकार परिषद, हातात कागद)

ऑक्टोबर 2013 अखेर ते मॉस्कोला जाऊन एडवर्ड स्नोडेनना भेटले. अमेरिकेची पाळत उघड करणाऱ्या त्या तरुणाचं पत्र घेऊन परतले. गुप्तचर यंत्रणांवर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समितीचे ते सदस्य. साक्षीसाठी स्नोडेनना बर्लिनला आणा, असा त्यांचा आग्रह होता. सरकारने आणलं नाही.

(दृश्य: क्रॉइत्सबेर्ग, रस्ता)

2017 मध्ये संसद सोडली. 29 ऑगस्ट 2022 ला बर्लिनमध्येच निधन, वय 83.

(दृश्य: सायकल. निवेदन नाही.)