नवे पोप ‘दुसरे फ्रान्सिस’ का नाहीत? तुमच्या कमेंट्सना उत्तर

नमस्कार मंडळी! आवाज येतोय ना नीट? आज नव्या पोपवर, लिओंवर बोलायचंय. म्हणजे खरं तर त्यांच्या आधीच्या, 2025 च्या एप्रिलमध्ये गेलेल्या पोप फ्रान्सिसवरसुद्धा, कारण तुम्ही मला एकट्या लिओंवर बोलूच देत नाही. कुठलाही व्हिडिओ टाका, अगदी नाताळच्या कलकलांचा, म्हणजे त्या गोड फराळाचा टाका, खाली कमेंट ठरलेली: ‘ताई, नवे पोप फ्रान्सिससारखे आहेत का हो?’

आधी प्राथमिक गोष्टी उरकते. पोप गेले की ऐंशीच्या आतले कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, नवा पोप निवडायला व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये बसतात (यालाच कॉन्क्लेव्ह म्हणतात), दोन तृतीयांश मतं लागतात, जमलं नाही तर धुराड्यातून काळा धूर, जमलं तर पांढरा. 2025 ला मतदार 133, म्हणजे मतं हवी होती 89. दुसऱ्याच दिवशी, 8 मेला, चौथ्या फेरीत निकाल लागला. भारतातले चार जण आत होते, गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव त्यांतले एक. मुंबईचे ऑस्वाल्ड ग्रेशियस ऐंशी ओलांडलेले, त्यामुळे त्यांना मत नव्हतं. झालं, पुढे.

आणि हो, ‘हा शेवटचा पोप, भविष्यात लिहिलंय’ हे फॉरवर्ड करणाऱ्यांनो! पुढचे सगळे पोप आधीच सांगणाऱ्या, संत मलाकीच्या नावावरच्या त्या यादीबद्दल म्हणताय ना? मलाकी बाराव्या शतकातले, यादी छापून आली 1595 ला. मधली साडेचारशे वर्षं ती कोणाच्या उशीखाली होती? आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी ती तीनदा टाकली, तिन्ही वेळा मी हेच लिहिलं. मामा अजून रुसलेत.

आता माझं खरं दुखणं. पोप हा आधीच्या पोपचा वारस नसतो. गादी संत पेत्राची असते, येशूच्या त्या शिष्याची, ज्यांना पहिले पोप मानतात. फ्रान्सिसची नव्हती, लिओंचीही नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण कमेंट्स वाचल्या की कळतं, कोणाच्याच डोक्यात ते बसलेलं नाही.

आमच्याकडे वसईत काय झालं ते सांगते. 21 एप्रिल, ईस्टरचा दुसरा दिवस. आदल्या दिवशीचंच जेवण गरम करत होते, दुपारी फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. संध्याकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, चर्च गच्च. मिस्सामध्ये एक जागा असते, जिथे फादर पोपचं नाव घेऊन प्रार्थना करतात, मग बिशपांचं. बारा वर्षं तिथे ‘फ्रान्सिस’ ऐकलेलं. त्या संध्याकाळी फादर त्या जागेवरून सरळ बिशपांच्या नावावर गेले. माझ्या शेजारच्या बाईंनी मान वर करून बघितलं. फादर विसरले नव्हते. गादी रिकामी होती, म्हणून तिथे घ्यायला नावच नव्हतं. 9 मेला सकाळी त्याच जागी ‘लिओ’ आलं, आणि फादर किंचित अडखळले.

तिकडे रोमलाही तसंच. पोप गेले की व्हॅटिकनच्या जवळजवळ सगळ्या विभागप्रमुखांची पदं त्याच क्षणी संपतात. पोपची अंगठीसुद्धा बाद करतात. आता बघा, लिओ म्हणजे तेव्हाचे कार्डिनल रॉबर्ट प्रीव्होस्ट. जन्म शिकागोचा, पण पेरूमध्ये कितीतरी वर्षं मिशनरी, मग तिथल्याच चिक्लायोचे बिशप. जगभरच्या बिशपांच्या नेमणुका पाहणाऱ्या विभागावर त्यांना 2023 ला फ्रान्सिसनीच आणलं. तरी फ्रान्सिस गेले त्या सकाळी तेही पद गेलं. कॉन्क्लेव्हमध्ये ते शिरले ते ‘फ्रान्सिसचा माणूस’ अशी पाटी घेऊन नाही.

आता तो लाल मोझेट्टा, खांद्यावरचा आखूड झगा. लिओ तो घालून बाल्कनीत आले आणि पाच मिनिटांत कमेंट: ‘फ्रान्सिसचं सगळं पुसलं.’ अहो, 2013 ला फ्रान्सिस तो न घालता आले, तेव्हा त्यांच्या आधीचे पोप बेनेडिक्ट यांच्या चाहत्यांनी हीच ओरड केली होती! मग ऑक्टोबर 2025 ला लिओंचं गरिबांवरचं पत्र आलं, ‘दिलेक्सी ते’. सुरू केलेलं फ्रान्सिसनी, पुरं केलं लिओंनी, सही 4 ऑक्टोबरची, म्हणजे पोप फ्रान्सिसनी ज्यांचं नाव घेतलं त्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाची. तेच लोक लिहायला लागले, ‘हे तर फ्रान्सिसच परत.’ ठरवा ना एकदा काय ते! फ्रान्सिस यांचं पहिलं परिपत्र, म्हणजे पोपनी सगळ्या चर्चला लिहिलेलं पत्र, तेसुद्धा बरंचसं बेनेडिक्ट यांनी लिहून ठेवलेलं होतं. म्हणून फ्रान्सिस काही दुसरे बेनेडिक्ट झाले नाहीत.

मला फ्रान्सिस प्रिय का? गाझाच्या फोनमुळे. तिथल्या होली फॅमिली चर्चमध्ये युद्धात लोक आसऱ्याला होते, आणि हे रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. रोमच्या जेमेली हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाने पडलेले असतानाही. चौकशी काय, तर ‘आज काय जेवलात?’ अशी. ‘लौदातो सी’ हे निसर्गावरचं पत्रही फार मोठं, शेतं आणि विहिरी डोळ्यांदेखत जाताना बघणाऱ्या आम्हा वसईकरांना ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पण फोनची सर त्याला नाही.

भाबडेपणाही नको. चिलीमध्ये मुलांवरच्या अत्याचारांच्या प्रकरणात त्यांनी आधी एका बिशपची बाजू घेतली, पीडितांना दुखावलं, 2018 ला चूक कबूल करून माफी मागितली. लिओंकडून माझी पहिली अपेक्षा इथेच आहे: माफी मागायची वेळच येऊ नये, तक्रार करणाऱ्याचं आधी ऐकावं.

दुसरी, बायकांची. 2023 च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, बायकांना पहिल्यांदा मत मिळालं, 2025 च्या जानेवारीत सिस्टर सिमोना ब्राम्बिला व्हॅटिकनच्या एका विभागाच्या प्रमुख झाल्या. ते दार लोटून घेऊ नका म्हणजे मिळवली.

तिसरी तुम्हाला माहीतच आहे. भारतात या! फ्रान्सिस 2015 ला श्रीलंकेत आले, आपल्या गोव्यातल्या बाणावलीच्या जोसेफ वाझना तिथे संतपद दिलं. 2017 ला म्यानमार आणि बांगलादेश केलं. आपल्या आजूबाजूने फिरून गेले, इथे येणं राहिलं ते राहिलंच. लिओ ऑगस्टिनियन या धर्मगुरूंच्या संघाचे प्रमुख असताना केरळात येऊन गेलेत, त्यांना इथला उकाडा नवा नाही. 1964 ला पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा ओव्हल मैदानावर गेलेली मंडळी अजून आपल्यात आहेत. तुमच्या घरात कोणी असेल तर त्यांना बोलतं करा, व्हिडिओ काढून पाठवा, मी चॅनेलवर लावते. फक्त फोन आडवा धरा हो, मागच्या वेळी सगळे उभे आले होते.