उसाचं रान आणि आंब्याची मुळी

(कोल्हापुरात शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. आपण सगळे उसातली माणसं. लाईट आली की मोटार चालू करायची, दारं धरायचं, म्हणजे सरीत पाणी सोडायचं, आणि सरी तुडुंब झाल्याशिवाय दारं मोडायचं नाही, ही सवय आपल्या हातात मुरली आहे. त्याच हातानं आपण बांधावर, घरामागच्या डागात, म्हणजे रानाच्या तुकड्यात, आंबा लावतो. पाच-सहा वर्षं झाली की मला फोन येतो, "झाड हिरवंगार आहे, पण मोहोर येत नाही." झाड पाहायला गेलो की मी आधी शेंड्याकडं बघत नाही, खाली माती उकरून बघतो.

मुळी श्वास घेते, हे आपण विसरतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडं पाणी हवं, थोडी हवा हवी. सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की पांढरी मुळी कुजते. मग पायात पाणी असूनही झाड सुकत जातं, आणि आपल्याला वाटतं ते तहानलेलं आहे, म्हणून आणखी पाणी देतो.

आंब्याला दीड ते दोन मीटर खोल, निचऱ्याची जमीन लागते. जमिनीखालची पाण्याची पातळी दोन मीटरपेक्षा वर नसावी. मातीचा सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ७.५ चालतो. चुनखडीचं प्रमाण जास्त असेल तर झाडाला लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आता आपला जिल्हा बघा. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यात जांभ्याची तांबडी माती आहे. तिथं पाणी झरझर खाली जातं, पण मातीचा थर कुठं कुठं पातळ असतो, आणि पावसाळा संपला की जमीन लवकर वाळते. पूर्वेकडं खोल काळी माती. ती पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकट होते. म्हणून "आंब्याला कोणती जमीन चांगली?" असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गाव कुठलं?

काळ्या रानाबद्दल मी स्वतः शिकलो ते सांगतो. नदीकडच्या आमच्या डागात मी केसर आंब्याची तीस कलमं लावली. तीन-तीन फुटांचे खड्डे काढले, पोयटा, शेणखत आणि मुरूम घालून भरले. पुस्तकात होतं तसंच सगळं. तिसऱ्या पावसाळ्यात पानं फिक्की पडली. एक कलम उपटलं, तर तळाला पाणी साठलेलं, मुळ्या काळ्या, हाताला आंबूस वास. भोवतालची माती चिकट आणि खड्ड्यातली भुसभुशीत. साऱ्या रानाचं पाणी त्या तीस खड्ड्यांत जमलं होतं. मी खड्डे नाही, तीस हौद बांधले होते. ती कलमं गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी त्याच डागात खड्डा न काढता दोन फूट उंच आणि चार फूट रुंद वरंबे ओढले, त्यावर कलमं लावली आणि दोन ओळींमध्ये उताराकडं जाणारे चर काढले. ती झाडं आज उभी आहेत. काळ्या रानात आंबा लावायचाच असेल तर तो चढवून लावा. माळावर, मुरमात मात्र खड्डाच हवा, एक मीटर लांब, रुंद आणि खोल, आणि तो उन्हाळ्यात काढून तापू द्या.

पाण्याचं आता सांगतो. पहिली तीन वर्षं कलमाला उन्हाळ्यात तहान लागू द्यायची नाही. ठिबक असेल तर ड्रीपर बुंध्याशी ठेवू नका. बुंधा सतत ओला राहिला की साल कुजते. फांद्यांचा घेर वाढेल तसे ड्रीपर बाहेर सरकवा, कारण पाणी शोषणारी बारीक मुळी घेराच्या कडेकडं असते.

झाड फळावर आलं की हिशेब बदलतो. पाऊस संपल्यावर पाणी बंद. जमीन कोरडी आणि रात्री गार झाल्या की पक्व काडीच्या शेंड्यात मोहोर तयार होतो. या वेळी शेजारच्या उसाला दिलेलं पाणी पाझरून आंब्याखाली आलं, तर मोहोराऐवजी पालवी फुटते. तुमच्या हिरव्यागार झाडाचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. उसाच्या कडेला आंबा असेल तर मध्ये तीन फूट खोल चर काढा, आणि त्याचा उतार बाहेर काढून द्या.

फळ वाटाण्याएवढं झालं की मगच पाणी सुरू करा, आणि तेही हळूहळू वाढवत. पंधरा दिवसांनी एकदा, मोठ्या झाडाला साधारण दीडशे-दोनशे लिटर, असं तीन-चार वेळा पुरतं. काढणीआधी तीन-चार आठवडे पुन्हा बंद. घेराखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. उघडी जमीन तापली की तिची धग वर फळाला लागते, आणि हापूसमध्ये साका होण्याशी, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याशी, या धगीचा संबंध आहे.

शिरोळच्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, क्षारपड रानात आंबा होईल का? ताई, माझं मन होत नाही "हो" म्हणायला. आंबा क्षार सोसत नाही. आधी पानांची टोकं करपतात, मग कडा, मग पानगळ. आधी निचऱ्याचे पाईप टाकून रान धुऊन घ्या, माती तपासा. तोवर नारळ किंवा चिकू लावा, ते आंब्यापेक्षा क्षार जास्त सोसतात. आणि लागणीच्या आधी एक काम नक्की करा. रानात तीन फुटांचा खड्डा काढून पाण्यानं भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं असेल, तर कलमं आणायला जाऊ नका.