लाकडी स्टिकरच्या कडा सुटतायत? आधी शीट कुठं संपतंय ते बघा

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने कुठलाही व्हिडिओ टाका, खाली एकच प्रश्न. परवा पाण्याची टाकी धुवायचा व्हिडिओ टाकला त्याच्याखालीसुद्धा, "ताई, कपाटाला लाकडी स्टिकर लावला, दिसायला एकदम झकास, पण कडा सुटूलालेत, काय करू?" आता गणपती तोंडावर आलेत, प्रत्येकाला घर नवं दिसायला पाहिजे, आणि हे काम आपण सगळे नेमकं भर पावसात काढतो. म्हणून आज ह्या स्टिकरच्या, म्हणजे मागं गम असलेल्या लाकडी डिझाइनच्या प्लास्टिक शीटच्या, फक्त कडांवर बोलूया.

बाकीचं तुम्हाला माहीत आहेच, पटकन सांगते. भांड्याच्या साबणानं पुसा, कोरडं करा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं एक हात मारा, शीट मापापेक्षा मोठं कापा, मागचा कागद एकदम काढू नका, मधून बाहेर दाबत या. खाली डिस्टेंपर किंवा सुटी पुट्टी असेल तर स्टिकर लावूच नका, तो भिंतीला नाही, भुकटीला चिकटतोय. हे झालं.

आता हे शटर, म्हणजे कपाटाचं दार बघा, कॅमेऱ्याजवळ आणते. हे माझ्या मावशीच्या, बेळगावजवळच्या खानापूरच्या स्वयंपाकघरातलं, सिंकच्या खालचं. मी स्वतः लावलेलं. मधे बघा, एक फुगा नाही. आणि ही खालची कड, बोटभर वर आलीय, आतला गम काळा पडलाय, त्यात पीठ, केस, हळदीचा पिवळा डाग. मावशी रोज सकाळी अंगठ्यानं दाबायची आणि संध्याकाळी ते परत उठायचं. गम चांगलाच होता, मधला भाग अजून सोलत नाही. चुकलं ते एवढंच की मी शीट बरोबर शटरच्या धारेवर कापलं होतं. दिसायला लै भारी, सरळ रेघ, ब्लेड धारेवरून ओढलं की झालं. सगळेजण असंच कापतात आणि माझा सगळा राग ह्या एका कापावर आहे.

हातानं विचार करा. शटर आपण कुठं धरतो? धारेला. हात ओला, तेलकट, पिठाचा, आणि शीटचं तोंड बरोबर तिथंच. नख लागतंय, पुसायचं फडकं अडकतंय, दिवसातनं वीस वेळा. तेच शीट धारेवरून वळवून, जाडीवरून नेऊन, शटरच्या मागच्या बाजूला तीन-चार सेंटीमीटर आत संपवलं तर तिथं कोण नख लावणार?

एका दादांनी अथणीहून लिहिलंय, आमच्याकडं तुमच्यासारखा पाऊस नाही, सगळं कोरडं ठणठणीत, तरी सुटलं, का? दादा, प्रश्न एकदम बरोबर. बाजारात मिळतंय ते बहुतेक शीट गरम रोलरमधून दाबून, ओढून पातळ केलेलं पीव्हीसी असतंय. ओढलेली वस्तू ऊन लागलं की मागं यायला बघते. त्यात आपण लावताना सुरकुती जावी म्हणून आणखी ताणतो. मग उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीजवळचं कपाट तापलं की शीट हळूच आक्रसतंय, एखादा मिलिमीटरच. पण शीट धारेवरच संपलं असेल तर तो एक मिलिमीटर तुम्हाला पांढऱ्या रेघेसारखा समोर दिसतोय, आणि तिथला उघडा गम धूळ धरायला लागतोय. मागच्या बाजूला संपलं असेल तर तो मिलिमीटर मागंच जिरला, तुम्हाला कळणार पण नाही. म्हणून वळवताना ताणू नका. गरम करून मऊ करा आणि वळवा, ओढून वळवू नका.

आता आमची बाजू. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओला होतोय, बेळगावात पण जुलै-ऑगस्टला कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. शटरची खालची धार म्हणजे पाण्याचा थेंब लटकायची जागा. थेंब तिथं थांबतो, शीट तिथंच संपलेलं, की पाणी आत. आणि आत काय आहे? प्लायची किंवा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची, कापलेली उघडी जाडी. एमडीएफ पाणी पिऊन फुगतंय, फुगलं की शीटला आतून ढकलतंय. तुम्ही वरून कितीही दाबा. म्हणजे हात म्हणा, ऊन म्हणा, पाणी म्हणा, तिन्ही त्या एकाच जागेवर येऊन धडकतात, जिथं शीट संपतंय. ती जागा समोरून हलवा.

पण वळवायच्या आधी ती जाडी बंद करा, हे विसरलात तर वळवून उपयोग नाही. उघड्या प्लायवर गम लावला तर तो लाकडाच्या भुशाला चिकटतो. बारीक पॉलिश पेपर मारा, भुसा पुसा, सँडिंग सीलर किंवा वूड प्रायमर दोन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, परत हलका पेपर. बोट फिरवल्यावर काचेसारखं नको, पण खरखर लागायला नको. घाईत असाल तर निदान खालची धार आणि सिंकजवळची शटरं तरी करा.

कोपरा. ह्यावर लै मेसेज आहेत. जूनमधे वहीला खाकी कव्हर घालायचो आठवतंय? कोपऱ्यात तिरकं कापायचो, नाहीतर तिथं गठ्ठा व्हायचा. सेम तसंच. शटर पालथं ठेवा, कोपऱ्यातला जादा तुकडा तिरका कापा, पण अगदी टोकाला लागून नाही, बोर्डाच्या जाडीपेक्षा थोडं जास्त अंतर सोडून, नाहीतर टोकाला लाकूड उघडं पडतंय. मग एक बाजू वळवा, कोपऱ्यावर उरलेला कान आत दुमडा, दुसरी बाजू वरून. हेअर ड्रायर पुरतो. शीट मऊ पडेल, हाताला गरम लागेल, चटका बसायला नको. हिट गन एका जागी धरली तर लाकडाच्या रेषांचा उठाव सपाट होऊन तिथं चकाकी येते, ती परत जात नाही. गरम असतानाच फडकं गुंडाळलेल्या स्क्वीजीनं, म्हणजे स्टिकर दाबायच्या चपट्या पट्टीनं, दाबा आणि थंड होईपर्यंत दाबून धरा. हा गम दाबानं चिकटतो, नुसता ठेवून नाही. पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात, तोवर तिथं ओलं फडकं नको.

एका ताईंचा कमेंट, फेव्हिक्विक टाकलं, झालं काम. ताई, नका टाकू. ते वाळून काचेसारखं कडक होतंय, शीट मऊ आहे, दार आपटलं की तडकतंय, आणि कडेला पांढरा धूर बसतो तो चॉकलेटी रंगावर लगेच दिसतोय. साधा पांढरा फेव्हिकॉल पण नको, प्लास्टिकला धरत नाही. सेलोटेप तर ह्या खरबरीत लाकडी उठावावर नुसता वरवर बसतो.

आधीच सुटलंय त्यांनी काय करायचं? दाबू नका. उलट आणखी थोडं मागं सोला, स्वच्छ गम लागेपर्यंत. बोर्ड पुसा, वाळू द्या. मग बोर्डावरच 3M चा 94 नंबरचा प्रायमर, म्हणजे गमाची पकड वाढवणारा पातळ थर, अगदी पातळ, किंवा फेव्हिकॉलचं एसआर 998 हा रबरी गम बोर्ड आणि शीट दोन्हीकडं पातळ, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, शीट कोमट करा, दाबा, रात्रभर मास्किंग टेप. गम काळा झाला असेल तर मात्र तेवढी पट्टी सरळ रेषेत कापून काढा आणि त्याच डिझाइनची नवी पट्टी धारेवरून मागं वळवून लावा, रेषांची दिशा जुळवून. ती आडवी लावली की लांबून पण कळतंय.

आणि जिथं वळवताच येत नाही, भिंत, चौकट? तिथं कडेच्या दोन मिलिमीटर आत थांबा, कोपरे टोकदार नको, नाण्यानं आखून गोल कापा, आणि भिंतीशी सांध्यात बारीक सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास नसलेला. गॅसच्या शेगडीमागं लावताय? नका लावू, तिथं टाइल्सच बऱ्या.

मावशीचं शटर मी गेल्या मे महिन्यात परत केलं, आज दाखवलं ते तिथनं काढलेलं जुनं. नव्याची खालची धार ह्या पावसात तीनदा जाऊन बघितली, नख घालून बघितलं. अजून जागचं हललेलं नाही. तुमच्या कडेचा फोटो टाका, धार दिसेल असा, जवळून, नुसता कपाटाचा नको.