आधी पाळी, मग पाळणा

आयोजकांनी दिलेला विषय जरा लांबलचक होता: नैसर्गिक स्वास्थ्य, ताण कमी करणं, चिनी वैद्यक आणि गर्भधारणा. मी तो एका वाक्यावर आणते. ‘टेन्शन घेऊ नकोस गं, राहील आपोआप.’ हे वाक्य या सभागृहात किती जणींना ऐकवलं गेलंय? हात वर करायची गरज नाही, चेहऱ्यांवरून कळलं मला.

या वाक्याचा मला राग आहे. आणि माझी पंचाईत अशी, की मी ज्या वैद्यकाचं काम करते ते वरवर पाहिलं तर दोन हजार वर्षं हेच सांगतंय असं वाटतं. ते खरं काय सांगतंय आणि त्यातलं आज काय टिकलंय, एवढंच बोलते.

‘ह्वांगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला. पिवळा सम्राट विचारतो आणि वैद्य उत्तरं देतात, अशी मांडणी. पहिल्याच अध्यायात सम्राटाचा प्रश्न आहे: वय झालं की माणसाला मूल का होत नाही? उत्तरात बाईचं आयुष्य सात-सातच्या हिशेबात उलगडलंय. सातव्या वर्षी दुधाचे दात बदलतात, 14 व्या वर्षी पाळी येते, 28 व्या वर्षी शरीर ऐन भरात असतं, 35 व्या वर्षी चेहरा कोमेजायला लागतो, 49 व्या वर्षी पाळी जाते. पुरुषाचा हिशेब आठ-आठचा, म्हणजे 16, 24, 32 असा 64 पर्यंत. बघा, पुरुषाचंही घड्याळ मांडलंय त्यांनी. ते आपण सोयीस्कर विसरतो.

हे सगळं त्यांनी मूत्रपिंडांच्या खाती टाकलंय. त्यांच्या लेखी मूत्रपिंड म्हणजे फक्त लघवी गाळणारा अवयव नव्हे. आईवडिलांकडून मिळालेलं सत्त्व, ‘जिंग’, तिथे साठलेलं असतं. ते मुद्दल. खाणं, झोप, श्वास यांतून रोज मिळतं ते व्याज. व्याजावर भागवा, मुद्दल मोडू नका, इतका साधा व्यवहार. जागरणं करणाऱ्याला चिनी वैद्य रागावतो ते यासाठी.

आता ताण. याच ग्रंथात म्हटलंय की राग आला की ‘छी’, म्हणजे शरीरात फिरणारी चेतना, वर चढते. भीती वाटली की खाली जाते. आणि विचार करत बसलं की तिची गाठ बसते. हा शेवटचा शब्द मला फार अचूक वाटतो. दर महिन्याला तारीख मोजणाऱ्या बाईला विचारा. तिला छातीत गाठच लागते, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, पाळीच्या आधी आठवडाभर स्तन दुखतात, कुणी हाक मारली तरी खेकसावंसं वाटतं. चिनी वैद्य याला यकृताची छी तुंबली म्हणतात. यकृताचं काम त्यांच्या मते वाहतं ठेवण्याचं: रक्त, भावना, पाळी, सगळं.

तुंबलेलं मोकळं करायला चीनच्या ‘सोंग’ राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या योगसंग्रहात एक चूर्ण आहे, ‘श्याओ याओ सान’. श्याओ याओ म्हणजे निवांत, बिनघोर भटकणं. भटकंतीचं चूर्ण! औषधाला इतकं सुंदर नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. यकृत मोकळं करणारं एक मूळ, रक्त भरून काढणाऱ्या दोन वनस्पती, पचन सांभाळणारं काही, वर ज्येष्ठमध, थोडं आलं, थोडासा पुदिना.

सतराव्या शतकात फू छिंगझू नावाचे वैद्य होऊन गेले. स्त्रीरोगांवरच्या त्यांच्या ग्रंथात मूल न होण्याचे दहा प्रकार दिलेत. कुणी फार कृश, कुणी फार स्थूल, कुणाचं ओटीपोट गार. त्यातल्या एकाचं नाव आहे ‘मत्सरामुळे न राहणं’. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. म्हणजे इथेही दोष तिचाच! पण पुढची चिकित्सा वाचली तर तिथे कुठे उपदेश नाही. घुसमटलेलं मन उघडायचं, मग बी रुजेल, असं म्हणून त्यांनी काढा दिलाय. काढ्याच्या नावाचा अर्थ ‘घुसमट उघडून रत्न पेरणं’. निदानाचं नाव त्यांच्या काळाचं, त्याची मला लाज वाटते. पण ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणारा आणि फू छिंगझू यांच्यात फरक हा, की एक जण काम तिच्यावर सोपवून निघून जातो आणि दुसरा ते स्वतःकडे घेतो.

आणि काम सुरू होतं पाळीपासून. चिनी स्त्रीवैद्यकात म्हणच आहे, मूल हवं तर पहिल्यांदा पाळी नीट करा. मी तिचं मराठी केलंय: आधी पाळी, मग पाळणा. पहिल्या भेटीत माझा तासभर याच्यात जातो. रक्त लाल की काळपट? गाठी पडतात का? दुखणं रक्त सुरू होण्याआधी की नंतर? शेकल्यावर बरं वाटतं का? मग जीभ बघायची, आणि मग नाडी. मनगटावर तीन बोटं ठेवायची, आधी हलकी, मग मध्यम, मग हाडापर्यंत. ताणात असलेल्या माणसाची नाडी बोटाखाली तारेसारखी लागते, तंतुवाद्याची कसलेली तार असते ना, तशी. गर्भवतीची नाडी घरंगळते, थाळीत मोती फिरावेत तशी. अर्थात पाळी चुकली तर मी नाडीवर विसंबत नाही, चाचणी करायला सांगते.

आता जरा कडू भाग. मी ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून उपचार करते, त्यामुळे मीच बोललेलं बरं. 2002 साली जर्मनीतून 160 बायकांचा एक अभ्यास आला. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ आत सोडण्याआधी आणि नंतर सुया लावल्या तर गर्भधारणा 42.5 टक्के, न लावल्या तर 26.3 टक्के. आमच्या क्षेत्रात दिवाळीच झाली. पुढे मोठे अभ्यास झाले. 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 848 बायकांचा अभ्यास आला, त्यात एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला टोचल्याचा नुसता भास. जिवंत मूल जन्मण्याचं प्रमाण 18.3 आणि 17.8 टक्के. म्हणजे फरक नाहीच. त्याच्या आदल्या वर्षी खुद्द चीनमध्ये पीसीओएस, म्हणजे बीजांड वेळेवर न सुटण्याचा त्रास असलेल्या हजार बायकांवर असाच अभ्यास झाला होता. बीजांड सुटण्याच्या गोळीनं मुलं झाली, सुयांनी त्यात भर पडली नाही. तेव्हा ‘सुया लावून मूल होईल’ असं तुम्हाला कुणी छातीठोक सांगितलं, तर चपला घाला आणि निघा.

मग मी सुया का लावते? माझ्याकडे येणाऱ्या अनेकजणी टेबलावर पडल्या की दहा मिनिटांत झोपतात. पायाच्या आतल्या घोट्याच्या हाडावर आपलीच चार बोटं आडवी ठेवा, वरच्या बोटापाशी नडगीच्या हाडाच्या मागे दाबून बघा. दुखलं ना? तो ‘सान यिन च्याओ’, छी वाहण्याचे तीन ‘यिन’ मार्ग जिथे भेटतात तो बिंदू. गरोदर असाल किंवा शंका असेल तर तो दाबू नका, परंपरेनं तो गरोदरपणात वर्ज्य आहे. त्या अर्ध्या तासात तिला कुणी काही विचारत नाही, इंजेक्शनची वेळ नसते, फोन बाहेर असतो. एवढंच मी देते, आणि तेवढ्याचेच पैसे घेते.

ताण आणि मूल यांचंही तसंच. मेंदूतलं हायपोथॅलॅमस पाळीचा ताल धरतं. उपासमार, अतिव्यायाम, तीव्र मानसिक ताण यांनी तो ताल चुकतो, पाळी थांबूही शकते. हे खरं. पण 2011 साली 14 अभ्यास एकत्र करून, साडेतीन हजारांहून जास्त बायकांची माहिती तपासली गेली. टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचाराआधीची चिंता, उदासी आणि उपचाराचं यशापयश यांचा संबंध सापडला नाही. म्हणजे तू रडलीस म्हणून गर्भ राहिला नाही, असं नाही. हे वाक्य मी माझ्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी म्हणते. ताण कमी करायचा तो तिला बरं वाटावं म्हणून. त्यावर मुलाचं ओझं टाकलं की विश्रांतीचाही गृहपाठ होतो.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे डोक्यातून काढा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायला चिनी वनस्पती घेतलेल्या शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकींची तर पार निकामी झाली. ‘फांग जी’ हवी होती, मिळत्याजुळत्या नावाची ‘ग्वांग फांग जी’ आली, आणि तिच्यात मूत्रपिंडांना घातक असं ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. सांधेदुखीवर दिली जाणारी ‘लेइ गोंग थेंग’ ही वेल पुरुषांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटवते, इतकी की गर्भनिरोधक म्हणून तिचा अभ्यास झाला. बायको गर्भधारणेचे काढे घेतेय आणि नवरा गुडघ्यासाठी ही वेल, असं घर असू शकतं. उपचार सुरू असताना काढा घ्यायचाच असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना पुडी दाखवा.

मघाशी एकानं चिठ्ठी पाठवलीय: ‘किती दिवस वाट पाहायची?’ वय 35 च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न, पुढे असेल तर सहा महिने, आणि मग दोघांची तपासणी, एकाच वेळी. पाळी फार अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. शुक्राणू तयार व्हायला जवळपास अडीच महिने लागतात, त्यामुळे आज सिगारेट सोडलीत तर फळ पुढच्या महिन्यात दिसणार नाही. वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी, तरी बहुतेक घरांत ती सगळ्यांत शेवटी होते. माझ्या खोलीत आता दोन खुर्च्या आहेत. पूर्वी एकच होती आणि नवरा बाहेर गाडीत बसून असायचा. आता त्यालाही आत बोलावते, मनगट टेबलावर ठेवायला सांगते. बऱ्याचदा तार त्याच्याच हातात जास्त कसलेली लागते.