इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी किती दाब पोचतो?

मित्रहो, आज मी एकाच गाडीविषयी बोलणार आहे, आणि त्या गाडीतही टाकीपासून इंजेक्शन पंपापर्यंत, म्हणजे इंजिनाला मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या पंपापर्यंत, डिझेल ज्या वाटेने जाते, फक्त त्या वाटेविषयी. ही गाडी म्हणजे डॉज रॅमच्या दुसऱ्या पिढीतला, १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत विकला गेलेला डिझेल पिकअप. त्यात कमिन्सचे ५.९ लिटरचे, चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन आहे. कमिन्सचे मुख्यालय इंडियाना राज्यातल्या याच कोलंबस गावात आहे आणि आपल्यापैकी अनेकांची या इंजिनांशी पहिली भेट पुण्यात झाली आहे, त्यामुळे इंजिनाची ओळख करून देण्यात मी वेळ घालवत नाही.

आधीच्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनावर बॉशचा पी ७१०० हा इनलाइन पंप होता. त्याच्या कॅमला इंजिनाचे ऑइल मिळत असे, आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक फीड पंप (टाकीतून डिझेल आणून देणारा छोटा पंप) त्याला २५ ते ३५ पीएसआय (दर चौरस इंचाला तितके पौंड) दाबाने डिझेल पुरवत असे. उत्सर्जनाचे नियम कडक झाले, इंजेक्शनचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक करणे भाग पडले, आणि त्याच्या जागी बॉशचा व्हीपी ४४ हा रोटरी पंप आला. या पंपात ऑइल नाही. त्याचे वंगण डिझेलच, आणि त्याला थंड ठेवणारा द्रवही डिझेलच. पंपाच्या डोक्यावर बसवलेला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक खालून वाहणाऱ्या डिझेलनेच थंड राहतो. म्हणूनच या पंपाला जळण्यासाठी लागते त्यापेक्षा बरेच जास्त डिझेल पुरवावे लागते. उरलेले डिझेल उष्णता घेऊन ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून टाकीत परत जाते. तो व्हॉल्व्ह सुमारे १४ पीएसआयला, म्हणजे जवळजवळ एक बारला, उघडतो. दाब त्याखाली घसरला की परतीचा प्रवाह आटतो. त्या वेळी गाडी नेहमीसारखीच पळत असते. चालवणाऱ्याला काही जाणवत नाही, पण आत पंप तापत असतो आणि झिजत असतो. पुढे कधीतरी ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन प्रतिसाद देत नाही, किंवा पी ०२१६ हा इंजेक्शन पंपाच्या बिघाडाचा कोड उमटतो, तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

आता या पंपाला डिझेल पोचवणाऱ्या व्यवस्थेकडे पाहू. मूळ रचनेत विजेवर चालणारा छोटा फीड पंप इंजिनाच्या ब्लॉकवर, फिल्टरजवळ, बसवलेला होता. ही जागा चुकीची होती असे माझे स्पष्ट मत आहे. पंपाला द्रव पुढे ढकलणे सोपे असते, ओढणे अवघड. कारण ओढताना त्याच्या मदतीला फक्त वातावरणाचा दाब असतो, तो १४.७ पीएसआयच्या पलीकडे कधीच जात नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक अडथळ्यापोटी त्यातलाच काही भाग खर्ची पडतो. टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनावर, म्हणजे जवळजवळ सगळी वाट ओढण्याची. शिवाय इंजिनाची उष्णता आणि थरथर पंपालाच सोसावी लागते. नवा पंप टाकीजवळ चासीच्या फ्रेमवर घेतला, की ओढण्याची वाट हातभर उरते आणि बाकीची ढकलण्याची होते. एअरडॉग किंवा फास यांचे तयार संच याच विचाराने बांधलेले आहेत.

नळीच्या व्यासाचा विचार थोडा खोलात जाऊन करावा लागेल. संथ प्रवाहात नळीचा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ३/८ इंचाची नळी काढून अर्ध्या इंचाची घातली तर व्यास एकतृतीयांशाने वाढतो, पण तेवढ्याच प्रवाहाला होणारा विरोध तिपटीहून अधिक घटतो. प्रवाह खळाळता असेल तर त्याहूनही जास्त. मात्र हा हिशेब सरळ नळीचा आहे. या गाडीत खरी कोंडी होते ती बॅन्जो बोल्टमध्ये. बोल्टच्या पोकळ दांड्यातून आणि त्याच्या आडव्या भोकांमधून डिझेलला काटकोनात वळून जावे लागते, आणि ती वाट नळीपेक्षा कितीतरी अरुंद असते. अर्ध्या इंचाची नळी आणून तिच्या दोन्ही टोकांना मूळचेच बॅन्जो ठेवले, तर त्या खर्चाचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून फिल्टरच्या दोन्ही बाजूंचे आणि इंजेक्शन पंपाच्या तोंडाचे बॅन्जो काढून तिथे सरळ, मोठ्या भोकाचे जोड बसवावेत, आणि टाकीतली डिझेल उचलणारी नळीही तेवढीच रुंद करावी. जिथे बॅन्जो राहतील तिथे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. बायोडिझेल वापरणाऱ्यांनी साधी नायट्राइल रबराची नळी टाळावी, कारण ती कालांतराने फुगते आणि मऊ पडते. आतून फ्लुओरोइलास्टोमर या इंधनाला टिकणाऱ्या रबराचा थर असलेली नळी घ्यावी.

ओढण्याच्या बाजूचा दोष शोधणे सर्वांत कठीण असते, हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. नळ्या बदलल्यानंतर रोज सकाळी इंजिन सुरू व्हायला वेळ लागू लागला, पण गाडीखाली डिझेलचा एकही थेंब दिसत नव्हता. ढकलण्याच्या बाजूला जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर येते. ओढण्याच्या बाजूला मात्र हवा आत शिरते आणि बाहेरून सगळे कोरडे दिसते. आपल्याकडचे मेकॅनिक याला ‘गाडी हवा घेते’ म्हणतात, ते अगदी नेमके आहे. शेवटी फीड पंपानंतर वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली तेव्हा बुडबुडे दिसले, आणि मीच अपुरा आवळलेला एक क्लॅम्प सापडला.

यातले काहीही विकत घेण्याआधी गेज बसवा, असा माझा आग्रह आहे. दाब मोजायचा तो फिल्टरच्या पुढे, इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी. फिल्टरच्या अलीकडे मोजलेला आकडा तुंबलेला फिल्टर लपवतो. ० ते ३० पीएसआयचे गेज पुरते. डिझेलची नळी थेट केबिनमध्ये आणू नका. दाबाचा आकडा तारेने गेजला कळवणारा, विजेवर चालणारा सेंडर वापरा, किंवा यांत्रिक गेज असेल तर मध्ये आयसोलेटर घाला, म्हणजे डिझेल अडते आणि फक्त दाब पुढे पोचतो. पंपाजवळ दाबाचे सतत ठोके बसतात आणि त्यांनी सेंडर लवकर निकामी होतो, म्हणून तो लवचीक नळीने थोडा दूर, बॉडीवर बसवावा आणि आधी वाट बारीक करणारा एक नीडल व्हॉल्व्ह लावून तो अगदी किंचित उघडा ठेवावा.

उभ्या गाडीतला आकडा समाधान देतो, पण त्यावर निर्णय घेऊ नये. मूळ रचनेत आयडलला, म्हणजे इंजिन नुसते चालू असताना, १२ पीएसआय दाखवणारी गाडी ट्रेलर ओढत लांब चढ चढताना ५ च्या खाली गेलेली मी पाहिली आहे. आयडलला १० आणि पूर्ण भारावर ५ ही या पंपाच्या मालकांमध्ये रूढ झालेली किमान मर्यादा आहे. माझ्या मते पूर्ण भारावरही १० च्या खाली जाऊ देऊ नये. दुसऱ्या टोकाला, बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाचा ३० पीएसआयचा आकडा इथे लागू करू नये. मी फीड पंपाचा दाब ठरवणारा रेग्युलेटर १५ ते १८ च्या दरम्यान ठेवतो, आणि १० ला पेटणारा एक लाल दिवा डॅशबोर्डवर लावला आहे, कारण घाटात नजर रस्त्यावर हवी.

नवा फिल्टर बसवल्याच्या दिवशी मी नेहमीच्या चढावर, नेहमीचाच ट्रेलर जोडून, दाब किती येतो ते वहीत नोंदवतो. त्याच चढावर तो आकडा ३ पीएसआयने उतरला की किलोमीटर न बघता फिल्टर बदलतो. आणि फिल्टर बदलूनही आकडा जागेवर आला नाही, तर गाडीखाली शिरून टाकीकडून एकेक जोड तपासत पुढे येतो.